समोर बसून सांगितलेलं

कोरीटला रतिलालच्या घरी एका वेळेला सोळा माणसं जेवायला असत. पाहुणेरावळे वेगळे, आणि कपाशीच्या दिवसांत वेचणीला आलेली माणसं वेगळी. उजाडलं की तिथे गलका सुरू होई. म्हशी हंबरत, एक पोर पाटी सापडत नाही म्हणून रडे, दुसरं त्याच पाटीवर बसून हसे, धाकटी जाऊ रंजनाबाई ताक घुसळता घुसळता तिघांना ओरडे, आणि ओट्यावरून सासू अनुसयाबाई सगळ्यांना मिळून एकदाच ओरडे. वाटेने जाणारा परगावचा माणूस थबकून विचारी, "आज काही कार्य शे का?" कार्य काही नसे. रोजचीच सकाळ असे.

या सगळ्याच्या मधोमध, चुलीपुढे, थोरली सून जसोदाबाई भाकरी थापत बसलेली असे. आणि तिला यातलं काहीच ऐकू येत नसे.

ती जन्माची बहिरी नव्हती. लोणखेड्याला माहेरी असताना लग्नाच्या गाण्यांना बायका तिला मुद्दाम बोलावून नेत, कारण एकदा ऐकलेली चाल ती विसरत नसे. १९५० साली लग्न होऊन कोरीटला आली तेव्हा सतरा वर्षांची होती. सासरे आधीच्याच वर्षी वारले होते आणि कारभार अनुसयाबाईंच्या हातात होता. नवरा रतिलाल उंचापुरा, कमी बोलणारा, वरचा ओठ झाकून खालच्यावर उतरलेल्या जाड मिशांचा. धाकटा दीर मोतीलाल बोलका. त्याची बायको रंजनाबाई त्याहून बोलकी. त्या दोघांना पाठोपाठ सहा मुलं झाली. मधल्या घरात चुलतसासऱ्याचं कुटुंब होतं. जसोदाला मात्र एकच मुलगी झाली, तापी.

तापी तीन वर्षांची असताना, छप्पन सालच्या भादव्यात, जसोदाला हिवताप झाला. गावात त्या वर्षी घरटी एक तरी माणूस अंथरुणावर होतं. सोळा-सतरा दिवस ताप उतरला नाही. कोयनेलच्या कडू गोळ्या घेऊन घेऊन तिच्या कानात रातकिडे किरकिरायला लागले. ताप गेला, अंगात पुन्हा ताकद आली, पण रातकिडे काही गेले नाहीत. मग एक दिवस विहिरीवर पाणी ओढताना तिच्या लक्षात आलं की रहाट कुरकुरत नाही. घरी येऊन तिने रंजनाला विचारलंही, "रहाटले तेल कोनी घालं?" रंजना तिच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी जसोदा पुन्हा पाण्याला गेली, तेव्हा तिने रहाट फिरत असताना त्याच्या खांबाला हात लावून पाहिला. लाकूड थरथरत होतं. रहाट कुरकुरत होता.

तिने कोणाला सांगितलं नाही. लोणखेड्याला त्यांच्याच गल्लीत एक बाई होती. तिची नजर अधू झाली आणि सासरच्यांनी तिला चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आणून सोडलं, ते पुन्हा कोणी न्यायला आलंच नाही. ती बाई ओसरीवर बसून तूर निवडत म्हातारी झाली. जसोदाने तिला लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून ती दोन वर्षं जिवाच्या आकांताने लपवत राहिली. माणसांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला शिकली. कोण कशासाठी उठला, कोणाचा हात कुठे गेला, कोणाच्या कपाळाला आठी पडली, यावरून काय चाललंय याचा अंदाज बांधू लागली. भाकऱ्यांची चवड संपत आली की पोरं भांडायला लागतात हे तिला पाठ झालं. पण पाठीमागून मारलेल्या हाकेला उपाय नव्हता.

दूध उतू जाई आणि ती दोन हातांवर पाठमोरी बसलेली असे. अनुसयाबाई चार हाका मारत, पाचव्या हाकेला संतापून आत येत आणि म्हणत, "जसोदा, तुन्हा कान फुटनात का?"

हे वाक्य तिला ओठांवर नीट वाचता येई. दर वेळी वाटे, आता कळलं यांना. पण ती नुसती शिवी होती. ज्या घरात सगळेच एकमेकांना बहिरे म्हणत, तिथे खरं बहिरं कोण हे कळायला वेळ लागला.

सगळ्यात आधी कळलं ते रंजनाबाईला, आणि ते तापीमुळे. तापी रात्री रडली तरी आईला जाग येत नसे. दोन-तीनदा रंजनाच पलीकडून उठून आली. मग तिने तापीला आपल्या पोरांच्या रांगेत झोपवायला सुरुवात केली. यात वाईट हेतू नव्हता, उलट मायाच होती. पण पोर पडलं, खरचटलं, भ्यालं, की ज्याला ऐकू जातं त्याच्याकडे धावतं. तापी काकीकडे धावू लागली. आईला तर ती आईही म्हणत नसे; काका जशी हाक मारी तशी "भाभी" म्हणे. घरातली सगळी मुलं जसोदाला भाभीच म्हणत. त्यातली आपली कोणती हे बाहेरच्याला ओळखता आलं नसतं.

शेवटी रतिलाल तिला बैलगाडीतून नंदुरबारला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी कानात उजेड टाकून पाहिलं, काचेच्या बाटलीवर चमचा वाजवून पाहिला आणि रतिलालशी थोडं बोलले. परत येताना अर्ध्या वाटेवर जसोदाने विचारलं, "काय म्हनतस डाक्टर?"

रतिलाल बैलांकडे तोंड करून काहीतरी बोलला. मिशा थोड्या हलल्या. तिने मान डोलावली. डॉक्टर काय म्हणाले हे तिला कधीच कळलं नाही, पण पुन्हा नेलं नाही यावरून तिने ओळखायचं ते ओळखलं.

माहेरी मात्र कोणी पाठवलं नाही. चुलीपुढे ती लागतच होती. घरातल्या सगळ्यांना हळूहळू सवय झाली. आधी लोक तिच्याशी मोठ्याने बोलत, मग हातवारे करून बोलत, मग कामापुरतं बोलत. पीठ, पाणी, सरपण यांच्या खुणा ठरल्या. बाकी गोष्टींना खुणा नव्हत्या. घरात कोणी हसलं की ती वर बघे, आणि तोवर हसू संपलेलं असे. "काय व्हयनं?" असं विचारलं तर सांगणारा हात झटकून दाखवी, म्हणजे काही विशेष नाही. तिचा स्वतःचा आवाजही तिला सापडेनासा झाला. कधी तो इतका चढे की पोरं दचकत, कधी इतका बारीक निघे की समोरचा "आँ?" करी. समोरच्यांचे चेहरे बघून बघून तिने बोलणंच कमी केलं.

नवराबायकोनं चारचौघांत एकमेकांशी बोलायची त्या घरात रीत नव्हती. जे काय बोलायचं ते दिवा मालवल्यावर. आणि अंधारात तिला ओठ दिसत नसत.

कपाशीच्या हंगामात सातपुड्यातून वेचणीला माणसं उतरत. त्यांत दरवर्षी फुलीबाई नावाची एक पावरा आदिवासी बाई येई. तिची बोली घरात कोणाला धड कळत नसे आणि इकडची बोली तिला कळत नसे. तिच्याशी सगळेच हातवारे करून बोलत. जसोदाचे हात या कामात सगळ्यांपेक्षा तयार. शेताच्या बांधावर दोघी बसत आणि मुलं किती, नवरा कसा, पाय कुठे दुखतो, सगळं हातांनी बोलत. तो महिनाभर जसोदा जरा खुलून असे. हंगाम संपला की फुलीबाई डोक्यावर गाठोडं घेऊन डोंगराकडे निघून जाई.

साठ सालच्या पौषातली गोष्ट. वेचणी भरात होती, अंगणात कपाशीचे ढीग पडले होते, आणि सकाळी सकाळी लोणखेड्याहून एक माणूस सायकलवर आला. दारातच मोतीलाल भेटला. त्या माणसाने निरोप सांगितला. जसोदाचे वडील पहाटे गेले होते.

मोतीलाल आत आला आणि रंजनाला म्हणाला, "भाभीले सांग." रंजनाला वाटलं, ही आपण सांगायची गोष्ट नव्हे, सासूबाई सांगतील. तिने अनुसयाबाईंच्या कानावर घातलं. अनुसयाबाईंना वाटलं, शेतातून रतिलालला बोलावलंय, नवऱ्याने सांगितलेलं बरं. रतिलाल आला तो तडक गाडी जुंपायच्या खटपटीला लागला. त्याला वाटलं, आत बायकांनी एव्हाना सांगितलंच असेल. आणि जसोदा वेचणीच्या माणसांसाठी भाकरी थापत होती.

तिला तो दिवस फार बरा वाटत होता. रंजनाने येऊन तिच्या हातातली जड पाण्याची घागर आपणहून घेतली होती. पोरं चुलीजवळ गोंधळ घालत नव्हती. अनुसयाबाई दोनदा येऊन नुसत्या उभ्या राहून गेल्या, एक शब्द रागाचा नाही. चुलतसासूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. जसोदाला वाटलं, माणसं काही वाईट नसतात, कामाच्या रेट्यात त्यांना सुचत नाही एवढंच. आणि भाकरी उलटता उलटता ती लग्नातलं एक जुनं गाणं गुणगुणू लागली. आपण गातोय हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. ओठ हलले असतील एवढंच तिला वाटलं. पण आवाज चांगला मोठा निघत होता, अंगणापर्यंत जात होता. अंगणात उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघेनात. आत जाऊन तिला थांबवायला कोणाचं पाऊल उचलेना.

मग रंजनाने धुतलेलं लुगडं तिच्यापुढे ठेवलं आणि गाडीकडे बोट दाखवलं. जसोदाने हात धुतले. कुठे जायचं हे तिने विचारलं तेव्हा रतिलालने हाताने शहाद्याची, लोणखेड्याकडची दिशा दाखवली. माहेरी! इतक्या वर्षांत न सांगता-सवरता कोणी माहेरी नेलं नव्हतं. भाकऱ्या उरल्या होत्या, त्यातल्या चार तिने वडिलांना आवडतात म्हणून फडक्यात बांधून घेतल्या.

लोणखेड्याच्या वेशीतून गाडी वळली आणि घरापुढे जमिनीवर बसलेली माणसं दिसली. डोक्यावर पांढरे पंचे. तेव्हा तिला कळलं.

तिथे ती रडली की नाही हे कोणाला नीट आठवत नाही. परतल्यावर तेराव्यापर्यंत ती बोलली नाही हे आठवतं. रंजना तिच्यापुढे येऊन रडली, मोतीलालने मान खाली घातली. जसोदाने कोणाला काही विचारलं नाही. तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसे. सगळ्या घराला ठाऊक होतं, अगदी चार वर्षांच्या पोरालासुद्धा, आणि आपण चुलीपुढे बसून सुखात होतो.

तेरावं होऊन गेल्यावर एका दुपारी, सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर, जसोदा मागच्या दाराशी आपलं ताट घेऊन बसली होती. अनुसयाबाई आल्या. त्या खरं तर सगळ्यांबरोबर जेवत. त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. त्यांनी आपलं ताट आणलं आणि जसोदाच्या बरोबर समोर बसल्या, दारातला उजेड आपल्या तोंडावर पडेल अशा. आणि सावकाश, एक एक शब्द सुटा करत म्हणाल्या, "तुन्हा बाप गया त्या दिनले मी तुले सांगाले पाहिजे व्हतं. मी घरनी मोठी."

जसोदाने हातातला घास ताटात ठेवला.

"आतेपासून घरमा जे व्हई ते मी तुले सांगत जासू. रोज. अठेच."

यापुढे त्या विषयावर दोघींमध्ये कधी बोलणं झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी अनुसयाबाई खरंच येऊन बसल्या, आणि तिसऱ्या दिवशीही. बाहेर पोरांचा धुडगूस, खळ्यात माणसांची ये-जा, रंजनाच्या हातून काहीतरी सांडलेलं, आणि या दोघी मागच्या दाराशी ताटं पुढे घेऊन समोरासमोर. सकाळपासून घरात काय काय झालं ते सासू सुनेला सांगे. कोणत्या पोराने मास्तरांचा मार खाल्ला, चुलतसासूचं आणि रंजनाचं कशावरून वाजलं, केळीचे घड कापायला कोण कोण येणार. रंजनाची नक्कल करताना त्या तोंड असं काही वेडंवाकडं करत की जसोदाच्या हातातला घास खाली पडे. ज्या बाईला जसोदाने दहा वर्षांत कधी हसताना पाहिलं नव्हतं, ती इतकी खट्याळ असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

कधी कधी त्या तिला मळ्यातले, अंगणातले आवाजही सांगत. "मोतीलालनी मयामा इंजिन बसाडं. दिवसभर ढकढक करस. मन्हं डोकं उठनं." किंवा, "आज कोकीळा वरडी ऱ्हायनी. येडी, पाच वाजापासून."

एकदा पोरांनी फारच आरडाओरडा मांडला होता. अनुसयाबाई कानांवर हात ठेवून जसोदाला म्हणाल्या, "तू सुखी शे माय." आणि मग आपण काय बोललो हे कळून त्यांचा चेहरा उतरला. पण जसोदा मनापासून हसली. तिच्या बहिरेपणावर तोवर कोणी थट्टा केली नव्हती. थट्टा करावी इतकं जवळ कोणी आलंच नव्हतं.

तापी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. ती कधी येऊन दोघींच्या मध्ये बसे आणि आजी कशी बोलते ते बघे. मग तीही आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे फिरवू लागली आणि सावकाश बोलू लागली. शाळेतलं काय काय सांगे. अर्धं सांगून पळून जाई.

असं पाच वर्षं चाललं. शेवटी शेवटी अनुसयाबाईंचे दात पडले, गाल आत गेले, आणि त्यांचे ओठ वाचणं जसोदाला जड जाऊ लागलं. निम्मं वाची आणि निम्मं अंदाजाने भरून काढी. पण तिने ते कधी जाणवू दिलं नाही. योग्य जागी मान हलवी, योग्य जागी हसे. म्हातारीला ते कळत होतं की नाही, देव जाणे. तिने सांगणं थांबवलं नाही.

पासष्ट सालच्या चैत्रात अनुसयाबाई गेल्या. आजारी अशा नव्हत्याच. सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या कलंडल्या. घर माणसांनी भरलं. पन्नास-साठ माणसांचं पिठलं-भाकरी रोज होत होतं, आणि सगळ्या धबडग्यात जसोदा अशी वावरत होती की तिला काही झालंच नाही असं पाहुण्यांना वाटावं. दुपारी मागच्या दाराशी ताट घेऊन ती बसे. समोरच्या जागी चपला आणि पाण्याच्या बादल्या पडलेल्या असत. तापी सोडली तर घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं की या दोघी तिथे रोज काय करत होत्या. तिला हे कोणाला सांगता येत नव्हतं. सासू गेली म्हणून सगळ्या सुना रडतात. आपलं काय गेलं हे सांगायचं तर कुठून सुरुवात करायची?

दहाव्याला पुरुष मंडळी तापी नदीवर गेली. दुपारी परत आली तेव्हा अंगणात एकच गर्दी. कोणी पाय धूत होतं, कोणी पंक्तीसाठी जागा झाडत होतं, पोरं पाण्याच्या रांजणाभोवती खेळत होती. जसोदा हंड्यातून ताक काढत होती. तिच्यापुढे एक माणूस येऊन उभा राहिला. डोकं तुळतुळीत, चेहरा उन्हाने रापलेला, आणि नाकाखालची कातडी मात्र पांढुरकी. क्षणभर तिने ओळखलं नाही. तो रतिलाल होता. आईसाठी त्याने डोकं आणि मिशा उतरवल्या होत्या.

त्याचे ओठ हलले. "तू जेवनी का?"

पंधरा वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं तोंड असं पाहिलं नव्हतं. वरचा ओठ पातळ होता, तापीसारखा. आणि शब्द इतके स्वच्छ दिसले, की तिच्या हातातलं ताक सांडलं.

"नही," ती म्हणाली.

"मंग जेव पहिले. हाई लोके काय, जेवत ऱ्हातीन."

एवढं बोलून तो पंक्तीकडे निघून गेला. जसोदा हंड्यापाशी उभीच राहिली. तिच्या मनात आलं, हा माणूस आजच पहिल्यांदा विचारतोय का? की रोजच विचारत होता? चुलीपुढून जाताना, शेतावर निघताना, दिवा मालवल्यावर. तिला ज्याचा अबोला वाटत होता, तो नुसत्या मिशा होत्या का? तिने आठवून पाहिलं. काही वेळा तो जाता जाता थांबे आणि मग पुढे जाई, हे तिला आठवलं. आपण मान खाली घालून भाकरीकडे बघत असायचो, हेही आठवलं. वर्षांमागून वर्षं गेली होती आणि त्यात काय बोललं गेलं होतं हे विचारायची आता सोय नव्हती.

महिन्याभरात त्याच्या डोक्यावर केस आले, मिशांची लव आली. जसोदा रोज बघे. ओठांच्या कडा पुन्हा झाकल्या जाऊ लागल्या. बोलायला तिला धीर होईना. नवऱ्याने मिशा ठेवू नयेत असं कोणती बायको म्हणते? आईबाप गेल्यावर पुरुष मिशा काढतो, आणि दिवस उलटले की वाढवतो. मिशा नसलेला माणूस बघून लोक विचारतात, आता कोण गेलं?

वैशाखाच्या शेवटी एका सकाळी न्हावी हजामतीला आला. रतिलाल खाटेवर बसला आणि बोटाने आपल्या वरच्या ओठाकडे दाखवून काहीतरी म्हणाला. न्हाव्याने वस्तरा धरून दोनदा विचारलं. मोतीलालनेही येऊन काही विचारलं. रतिलालने हात झटकला. जसोदा दारातून बघत होती. वस्तरा फिरला.

गावात त्यावरून बोललं गेलं. तो कोणाला म्हणे, उन्हाळा शे, घाम येस. पावसाळा लागल्यावर तेही म्हणेना. त्याने जसोदालाही कधी कारण सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

म्हणून काही तो अनुसयाबाईंसारखा रोज दुपारी समोर येऊन बसू लागला असं नाही. तो बोलका नव्हताच. आठवड्यातून एखाद्या दिवशी शेतातून उशिरा येई आणि मागच्या दाराशी जेवायला बसे. चार-दोन वाक्यं बोले. उसाला पाणी कमी पडतंय. बैलाचा खूर दुखतोय. मोतीलालच्या मनात वेगळं घर बांधायचंय. बाकीचे दिवस ती एकटीच बसे. घरातली वर्दळ तिच्या पाठीमागून जमिनीवाटे तिला कळत राही. कोण धावलं, काय आदळलं. तिला वाटे, सोळा माणसांच्या घरात आपण पाण्याखाली बसलो आहोत आणि वरून होड्या चालल्या आहेत.

अडुसष्ट सालच्या वैशाखात तापीचं लग्न झालं. खापरचं स्थळ होतं, शेतीवाडी आणि भुसार दुकान असलेलं मोठं कुटुंब. चार दिवस घराला उसंत नव्हती. बायका गात होत्या, जसोदाला त्यांची उघडी तोंडं दिसत होती. चाल कोणती असेल हे ती तोंडांवरून ओळखायचा प्रयत्न करत होती. पाठवणीच्या वेळी तापी गाडीत बसली. अंगावर शालू, तोंडावर पदर ओढलेला. गाडी हलायच्या बेताला ती पदराआडून आईकडे वळून काहीतरी बोलली. पदर हलला. बाकी काही दिसलं नाही. जसोदा पुढे झाली, तोवर गाडी निघाली होती.

ती रात्र आणि दुसरी सकाळ जसोदाने त्या हललेल्या पदरावर काढली. पोर काय बोलली असेल? आई म्हणाली असेल का, निदान जाताना? दुसऱ्या दिवशी अंगण खरकट्या भांड्यांनी भरलेलं होतं. दोघी जावा राख घेऊन बसल्या. रंजनाबाई नेहमीच्या झपाट्याने बोलत होती. तिचे ओठ जसोदाला कधीच धरता आले नव्हते. आज जसोदाने तिचा राखेने भरलेला हात धरला आणि विचारलं, "तापी जाताना माले काय म्हने?"

रंजना थांबली. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं, जसोदाकडे तोंड केलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच सावकाश बोलली.

"ती म्हने, भाभी, पेटीनी किल्ली खुंटीवर ऱ्हायनी."

"आनि?" जसोदाने विचारलं.

"आनि काही नही, जिजी. तितलंच."

जसोदा उठून आत गेली. किल्ली खरंच खुंटीवर लटकत होती. तिने ती काढून हातात घेतली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिने रतिलालला किल्ली दाखवली. "पोरगी नवं लुगडं कशामाईन काढी?" ती म्हणाली. "मी किल्ली देवाले जास."

सासरी मुलगी गेल्या गेल्या आईने मागे जायची रीत नव्हती. रतिलालने मान खाजवली. मग म्हणाला, "चाल."

दोन एस्ट्या बदलून ते दुपारी खापरला पोहोचले. लग्नानंतर नुसती दोघं अशी कुठे गेलीच नव्हती. व्याह्यांच्या घरातही तोच गलका. पाहुणे अजून पांगले नव्हते, पोरं जिन्यावरून घसरत होती, दुकानात पोती उतरत होती. विहीणबाई लगबगीने पुढे आल्या, त्यांनी किल्ली पाहिली आणि हसून पेटीकडे हात केला. पेटीचं कुलूप आदल्या संध्याकाळीच फोडलं होतं. किल्ली कामाची राहिली नव्हती.

रतिलालला बैठकीत नेलं. जसोदाला आत बसवलं. तापी पाण्याचा तांब्या घेऊन आली, सासऱ्यांचा वावर होता म्हणून तोंडावर पदर. पाणी देऊन ती परत वळली आणि मग थांबली. माठांच्या आड, भिंतीकडे पाठ करून, तिने पदर वर केला. खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर आलं.

"अठलं पानी जड शे," ती सावकाश म्हणाली. "डाळ शिजत नही."

"सोडा टाक चिमूटभर," जसोदा म्हणाली. आवाज मोठा निघाला असावा, कारण पलीकडच्या बायकांनी माना वळवल्या.

तापीने आईच्या हनुवटीला बोट लावलं. "भाभी, अठे माले सगळा हासतस. म्हनतस, तू इतलं सावकाश काबरं बोलस? आनि बोलताना मानूसना समोर जाईसनी काबरं उभी ऱ्हास?"

"मंग तू काय सांगं?"

"सांगं, आमना घरमा असंच बोलतस."

तेवढ्यात कोणीतरी तिला हाक मारली असावी. तापीने पदर ओढला आणि लगबगीने निघून गेली. जेवणं झाली, पानसुपारी झाली. निघताना तापी पाया पडली, पण तेव्हा भोवती माणसं होती आणि बोलणं झालं नाही.

परतीची एस्टी गच्च भरली होती. जसोदाला खिडकीजवळची जागा मिळाली, रतिलाल दांड्याला धरून उभा राहिला. तळोद्याला थोडी माणसं उतरल्यावर तो तिच्या शेजारी येऊन बसला. बाहेर उसाची शेतं मागे जात होती. बऱ्याच वेळाने तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "पोरगी काय म्हने?"

जसोदाने त्याला सांगितलं. पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. बाकीचं तिने स्वतःजवळ ठेवलं.